चार भूखंड, एकच मोजपट्टी: ठाणे–नवी मुंबईतल्या प्रकल्प-निवडीत बीआयएम मॉडेलचा वापर

बीआयएम म्हणजे इमारतीच्या प्रत्येक घटकाची मापे आणि माहिती धरून ठेवणारे संगणकातले त्रिमितीय मॉडेल. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. विकासक, भूखंड आणि रकमा काल्पनिक आहेत. नियम, मोजमापाच्या पद्धती आणि चुकांची कारणे मात्र या पट्ट्यात काम करणाऱ्यांना रोज भेटणारी आहेत.

प्रश्न काय होता

ठाण्यातल्या एका मध्यम विकासकाकडे सप्टेंबरमध्ये चार कामे तयार होती. पहिले उलव्याचे, सिडकोकडून निविदेत घेतलेला भाडेपट्ट्याचा मोकळा भूखंड. दुसरे घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, ४,२०० चौरस मीटर, उताराची जमीन. तिसरे वाशीत, ९६ सभासदांच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास. चौथे नौपाड्यात, ९ मीटर रस्त्यावरची छोटी सोसायटी. स्वतःचा निधी ६२ कोटी रुपये. चारही एकदम उचलणे शक्य नव्हते, म्हणून आधी कोणती दोन, हे ठरवायचे होते.

संचालकांसमोर एक्सेलचा तक्ता होता. चारही कामांना बांधकाम खर्च बिल्टअपच्या चौरस फुटाला सरसकट ३,२०० रुपये धरलेला. विक्रीच्या तुलनेत नफा उलव्यात २४ टक्के, कासारवडवलीत २३, वाशीत २२, नौपाड्यात १३. तक्त्याप्रमाणे उलवे आणि कासारवडवली ही जोडी ठरल्यातच जमा होती.

सरसकट दर धरल्यावर चार प्रकल्पांतला फरक फक्त विक्रीच्या भावात उरतो. प्रत्यक्षात एकसारखे टॉवर प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर बरेच सारखे वागतात. ॲल्युमिनियम शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे) असेल तर एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा फेरा उलव्यात जेवढा, जवळपास तेवढाच कासारवडवलीत. वेगळे असते ते जमिनीखालचे: खडक, खाडीचा चिखल, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब), तळघर, शेजारच्या इमारतीचा पाया. नेमका तोच भाग सरासरी दरात दडून जातो.

त्यातच महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) नमुना विक्री करारातले हप्ते पाहा. करारनाम्यानंतर किमतीच्या एकूण ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे प्लिंथ होईपर्यंत काम बरेचसे स्वतःच्या पैशावर ओढायचे आणि प्लिंथवर श्वास घ्यायचा. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात जातो आणि तो काढायचा तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले कामाच्या टक्केवारीशी जुळावे लागतात. एका प्रकल्पाची प्लिंथ पावसाळ्याच्या अलीकडे येते की पलीकडे, यावर दुसरा प्रकल्प सुरू करता येईल की नाही हे ठरते. निवडीचा खरा प्रश्न नफ्याच्या टक्केवारीचा नव्हता, प्लिंथच्या तारखांचा होता.

मॉडेल किती आणि कुठे खोल

चारही कामांची मॉडेल वेगवेगळ्या आर्किटेक्टांकडून आधीच आली होती. वाशीचे मॉडेल दाराच्या मुठीपर्यंत भरलेले, उलव्याचे नुसते खोके. एकात फर्निचर, दुसऱ्यात कॉलमसुद्धा नाहीत. अशी चार मॉडेल शेजारी ठेवून तुलना केली, तर ज्यात जास्त भरले आहे ते काम महाग दिसते, एवढेच निष्पन्न होते.

म्हणून ठरले असे. प्लिंथच्या वर चारही मॉडेल एकाच ठोकळ तपशिलाला, एलओडी २०० ला आणायची (एलओडी म्हणजे तपशिलाची पातळी; आकडा मोठा तितका तपशील जास्त): भिंती, स्लॅब, बीम, कॉलम, शाफ्ट, बस्स. प्लिंथच्या खाली मात्र एलओडी ३५०. पाइल, पाइल कॅप, राफ्ट (पायाची सलग जाड लादी), रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत), रॅम्प, पंपरूम, भूमिगत टाक्या, आणि खोदाईचा घन स्वतंत्र वस्तू म्हणून, शटरिंग व वॉटरप्रूफिंगसाठी लागणाऱ्या बाजूच्या जागेसकट. खोदाईचा घन बहुतेक मॉडेलांत नसतोच, कारण तो बांधायचा नसतो. पैसे मात्र त्याचेही मोजावे लागतात.

घटकांची नावे एकाच पद्धतीने: प्रकल्प, विंग, मजला, घटक, क्रमांक. सर्वेक्षण टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने), निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या पद्धतीत, पातळ्या समुद्रसपाटीपासून. चारही मॉडेल एकाच तारखेला गोठवायची. त्यानंतर आर्किटेक्टने जिना हलवला तरी तो पुढच्या फेरीत. ही शिस्त आयएसओ १९६५० या बीआयएममधल्या माहिती-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाला धरूनच आहे. पण तिचा उपयोग कळतो तो वाशीच्या आर्किटेक्टचे सुधारित मॉडेल आले आणि परिमाणे मात्र जुन्या फाइलमधून काढलेली निघाली, अशा वेळी.

दोन मॉडेलरना एका प्रकल्पाला १२ ते १५ कामाचे दिवस लागले. आमच्या मते एवढ्या मोठ्या निर्णयासाठी हा खर्च नगण्य आहे.

परिमाणे काढण्याआधी प्रत्येक मॉडेलची हाताने पडताळणी झाली. एक मजला घ्यायचा, कागदावर काँक्रीट काढायचे, मॉडेलशी ताडायचे. कासारवडवलीत मजल्यामागे साधारण साडेचौदा घनमीटर जास्त आले. कारण शोधायला अर्धा तास लागला. स्लॅब १५० मिलिमीटर, बीम २३० बाय ६००, आणि मॉडेलमध्ये बीम व स्लॅब एकमेकांना जोडलेलेच नव्हते. बीमच्या वरचे १५० मिलिमीटर दोनदा मोजले गेले. मीटरमागे ०.२३ गुणिले ०.१५, म्हणजे ०.०३४५ घनमीटर. मजल्यावर ४२० मीटर बीम. गुणाकार बरोबर १४.४९. ही चूक प्रत्येक मजल्यावर होते आणि पडद्यावर काहीच खटकत नाही, कारण चित्र अचूक दिसते. लोखंड या पातळीच्या मॉडेलमधून येत नाही. ते राफ्ट, कॉलम, बीम, स्लॅब यांच्या काँक्रीटला आरसीसी सल्लागाराने दिलेल्या वेगवेगळ्या किलो-प्रति-घनमीटर दराने काढायचे. सगळ्यांना एकच दर लावला की जमिनीखालचा आणि वरचा फरक पुन्हा पुसला जातो.

उलवे: उंची कुठून मोजायची

उलवे नवी मुंबई विमानतळाच्या शेजारी. इथे इमारतीच्या माथ्याला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि परवानगीतला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. ॲन्टेना, लायटनिंग अरेस्टर (वीजरोधक), जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, काहीच त्याच्या वर जाता कामा नये.

प्रकरणात अनुज्ञेय माथा ५८ मीटर. तक्त्यात १६ मजले धरले होते. हिशेब असा: स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) ४.२, त्यावरचा पोडियम मजला ३.३, वर ३ मीटरचे १६ मजले, मिळून ५५.५ मीटर. ५८ पेक्षा कमी, म्हणून बसते.

मॉडेलमध्ये पातळ्या खऱ्या घातल्यावर चित्र उलटले. रस्ता समुद्रसपाटीपासून ४.१५ वर, प्लिंथ ४.६० वर. गच्ची थेट ६०.१ वर गेली. त्यावर लिफ्टची मशीनरूम आणि टाकी ५.४ मीटर, अरेस्टर दीड मीटर. माथा ६७. म्हणजे ९ मीटर जास्त, नेमके तीन मजले. १३ मजल्यांवर माथा बरोबर ५८ येतो, तोही शून्य मोकळीक ठेवून. मशीनरूम नसलेली लिफ्ट घेतली आणि टाकी पसरट केली, तर थोडी सुटका मिळते. मजला मात्र परत मिळत नाही.

दोन विंग, मजल्याला आठ घरे. तीन मजले म्हणजे २४ घरे, प्रत्येकी ६२ चौरस मीटर चटई क्षेत्र. एकूण १६,००० चौरस फुटांच्या वर. १२,००० रुपयांच्या भावाने सव्वाएकोणीस कोटींची विक्री गेली, आणि भूखंडाचे पैसे तर आधीच भरलेले.

मॉडेल इथे नुसती वाईट बातमी देऊन थांबले नाही. बाजूची अंतरे, शाफ्ट आणि जिने जागेवर ठेवून एका विंगमध्ये मजल्याला पाचवे घर बसते का, ते तपासले. बसते. १३ घरे परत मिळाली, तूट ११ घरांवर आली. बांधकाम खर्चातली बचत धरून नफा १३ मजल्यांना साध्या आराखड्यात १६ टक्क्यांच्या आतबाहेर, सुधारित आराखड्यात २० टक्क्यांच्या थोडा वर. पण या आराखड्याला नव्याने आरसीसी, नव्याने मंजुरी लागणार. सिडकोच्या करारात बांधकामाची मुदत असते आणि ती टळली तर अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य भरावे लागते, म्हणून हा भूखंड बेमुदत मागे ठेवणेही परवडणारे नव्हते.

वाशी: चटई क्षेत्र कुठून कुठपर्यंत

वाशीच्या करारात प्रत्येक सभासदाला ५५ चौरस मीटर रेरा चटई क्षेत्र कबूल केले होते. मॉडेल ५५ दाखवत होते. कासारवडवलीचे मॉडेलही आपले क्षेत्र दाखवत होते. दोन्हींतला फरक सॉफ्टवेअरच्या एका सेटिंगमध्ये होता: क्षेत्राची सीमा भिंतीच्या मध्यरेषेवर की भिंतीच्या आतल्या कडेवर. वाशीत ती मध्यरेषेवर होती.

रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंतींखालचे क्षेत्र, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची चटई क्षेत्रात येत नाही. घरातल्या आतल्या भिंती येतात. ॲल्युमिनियम शटरिंगची भिंत १६० मिलिमीटर, म्हणजे मध्यरेषेपर्यंत ८० मिलिमीटर फुकट मोजले गेले. ५५ चौरस मीटरच्या घराचा घेर सुमारे ३० मीटर. ३० गुणिले ०.०८, म्हणजे २.४ चौरस मीटर. ओटा आणि त्यापुढे दोन माणसांनी उभे राहायची जागा एवढी. पंचवीस-तीस वर्षे वाट पाहून नव्या घरात जाणाऱ्या कुटुंबाला ती जागा न मिळणे ही कागदावरची चूक राहत नाही. शिवाय ही तूट ४.४ टक्के भरते, तर महारेराच्या नमुना करारात चटई क्षेत्रातल्या फरकाची मर्यादा ३ टक्के आहे. ताबा देताना हे बाहेर आले असते, तर तोडगा उरला नसता.

सभासदांची ९६ घरे खरी ५५ करायची तर २३० चौरस मीटर कुठून तरी काढावे लागतात. एकूण चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते ते) ठरलेला आहे. म्हणून ते विक्रीच्या घरांतून. विक्रीची ८८ घरेही कागदावर तेवढीच फुगलेली, म्हणजे आणखी २११ चौरस मीटर. मिळून ४,७५० चौरस फूट, ३०,००० च्या भावाने सव्वाचौदा कोटी. नफा २२ वरून १४ टक्क्यांवर आला.

यानंतर प्रत्येक मॉडेलमध्ये तीन वेगळे क्षेत्र-आराखडे ठेवायचे ठरले. एक पी-लाइनचा (बांधकामाच्या बाहेरच्या कडेचा), कारण यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, निर्देशांक पी-लाइनवर मोजतात. दुसरा रेरा चटई क्षेत्राचा. तिसरा सोसायटीशी झालेल्या कराराच्या भाषेतला, कारण जुन्या घरांच्या मोजणीत बाल्कनी कधी आत असते, कधी बाहेर. तिन्हींची बेरीज एकाच पानावर दिसली पाहिजे.

कासारवडवली: खडक आणि पाऊस

इथे भूखंडाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ६ मीटर उतार. तक्त्यात तळघराचे क्षेत्र २,६०० चौरस मीटर आणि खडकात खोदायची सरासरी खोली ३.५५ मीटर धरून ९,२३० घनमीटर खोदाई लिहिली होती. सर्वेक्षणाच्या काँटूरवरून जमिनीचा पृष्ठभाग, सहा बोअरच्या नोंदींवरून खडकाचा पृष्ठभाग, आणि त्यातून तळघराचा घन वजा केल्यावर सरासरी ५.६ मीटर आली. १४,५६० घनमीटर. चढाच्या बाजूला तळघर डोंगरात शिरते, हे सपाट सरासरीला दिसत नाही.

घनमीटरला १,२०० रुपयांनी जास्तीचा खर्च ६४ लाख. एवढ्या प्रकल्पात तो सोसता येतो. वेळ मात्र सोसवत नाही. वस्तीलगत सहसा सुरुंग लावता येत नाहीत, ब्रेकरनेच फोडायचे. तीन ब्रेकर, प्रत्येकी दिवसाला ६० घनमीटर, म्हणजे १८०. फुटलेला खडक दीडपट फुगतो, ही गोष्ट मॉडेल सांगत नाही, ती आपण घालायची. रोज २७० घनमीटर सैल माल, १२ घनमीटरच्या डंपरच्या २३ खेपा. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असते, तरी एवढ्या खेपा बसतात. अडथळा ब्रेकरचाच.

वरची माती-मुरूम आणि शोरिंग (खड्ड्याच्या बाजूंना द्यायचा आधार) नोव्हेंबरात उरकले आणि १ डिसेंबरला ब्रेकर लागले, महिन्याला साधारण २५ कामाचे दिवस धरले, तर ८१ दिवसांनी ९ मार्च. राफ्ट, रिटेनिंग वॉल आणि प्लिंथला ७५ दिवस. प्लिंथ ९ जूनच्या आसपास. पाऊस वेळेवर आला तर शेवटचा टप्पा पाण्यात, डी-वॉटरिंगच्या पंपांवर, आणि एकदा चढाची बाजू सुटली की हंगाम हातचा गेला.

मॉडेलमध्ये तीन पर्याय फिरवून पाहिले. चौथा ब्रेकर लावला तर जागेवर यंत्रे एकमेकांच्या आड येतात. तळघर लहान केले तर गाड्या बसत नाहीत. तळघराला पायरी देऊन सरासरी पातळी १.२ मीटरने उचलली, तर ३,१२० घनमीटर वाचतात आणि रॅम्प १:१० च्या उतारात राहतो. मधल्या पायरीच्या भिंतीला २२ लाख लागतात. खोदाईत त्याहून १५ लाख जास्त वाचतात. पण हा पर्याय निवडला तो तारखेसाठी: ११,४४० घनमीटर, ६४ दिवस, १६ फेब्रुवारी, आणि प्लिंथ मेच्या मध्यावर. पावसाआधी तीन आठवडे हातात.

नौपाडा

नौपाड्याचे लवकर आटोपले. दोन थरांच्या यांत्रिक पार्किंगला ३.६ मीटर मोकळी उंची हवी होती. मजला ३.९ चा, त्यातून ६०० चा बीम आणि स्प्रिंकलरचे १५० मिलिमीटर गेल्यावर ३.१५ उरले. मजला ४५० मिलिमीटरने उचलावा लागतो आणि रॅम्प लांबतो. ९ मीटर रस्त्यावर त्याला जागा नाही. हे काम त्या वर्षी घ्यायचे नाही, यावर फार चर्चा झाली नाही.

निर्णय

दुरुस्त आकड्यांनी प्रत्येक कामाचा महिनावार स्वनिधी मांडला. कासारवडवलीला मेमध्ये सर्वाधिक २९ कोटी लागतात, प्लिंथचा हप्ता आल्यावर ते उतरत डिसेंबरपर्यंत १४ वर येतात. उलवे त्याच हंगामात सुरू केले तर त्याचे ३५ कोटीही मेमध्येच येतात. बेरीज ६४. निधी ६२. शिवाय आराखडा अजून कच्चा. पहिली जोडी इथे बाद झाली.

वाशीचा हंगाम वेगळा निघाला, आणि हे कोणत्याही सॉफ्टवेअरने सांगितले नाही. मुलांच्या वार्षिक परीक्षा झाल्याशिवाय सभासद घरे सोडत नाहीत. म्हणजे मे. पाडकाम जून-जुलैत, पावसातही होते. तळघर नाही, पाइलवर इमारत. ऑगस्टपासून पाइल, रिगसाठी (पाइलची भोके पाडणाऱ्या यंत्रासाठी) खडी-मुरुमाचा भक्कम थर दिला तर पावसाची आडकाठी कमी. सर्वाधिक स्वनिधी ३७ कोटी, तो डिसेंबरमध्ये. तेव्हा कासारवडवली १४ वर. बेरीज ५१.

म्हणून कासारवडवली नोव्हेंबरात, वाशी मेमध्ये, आणि उलव्याचा सुधारित आराखडा व मंजुऱ्या दरम्यान करून त्याची खोदाई पुढच्या पावसाळ्यानंतर. टक्केवारीवर पाहिले तर सुधारलेले उलवे वाशीच्या पुढेच आहे. तरी ते तिसरे, कारण खाडीच्या मऊ मातीत जूनमध्ये खड्डा उघडणे म्हणजे बाजू ढासळायला निमंत्रण.

या क्रमात एक कच्चा दुवा आहे आणि तो उघड ठेवणे आवश्यक. सभासदांनी घरे सोडली की ९६ कुटुंबांचे भाडे सुरू होते. महिना ३५,००० प्रमाणे ३३ लाख ६० हजार. कासारवडवलीची प्लिंथ लांबली आणि वाशी मात्र रिकामी झाली, तर भाडे चालू, पाइलचे पैसे नाहीत, आणि त्याचा त्रास भाड्याच्या घरात बसलेल्या माणसांना.

म्हणून दोन्ही कामे एका आकड्याला बांधली. खोदाईचे दर पंधरा दिवसांनी टोटल स्टेशनने मोजमाप घ्यायचे आणि मॉडेलमधल्या घनातून वजा करायचे, डंपरच्या पावत्यांवरून नाही. सलग दोन मोजमापांत रोजची सरासरी १५० घनमीटरच्या खाली गेली, तर खोदाई ७६ दिवसांच्या पुढे आणि प्लिंथ जूनमध्ये जाते. तसे दिसले, तर मार्चमध्ये वाशीच्या सभासदांना द्यायची घरे सोडण्याची नोटीस थांबवायची आणि सोसायटीच्या कमिटीला कारण, मोजमापाचे पान आणि नवी तारीख त्याच आठवड्यात लेखी द्यायची. १५० ते १८० च्या मध्ये असेल तर नोटीस जाते, पण पाइलच्या कंत्राटदाराला ऑगस्टची आगाऊ रक्कम प्लिंथचा दाखला आल्यावरच.